व्हिसा गेलेल्या बहिणीला यूकेतल्या संस्था खरंच मदत करतात का, की वर कळवून टाकतात?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: तुमची मावसबहीण २०२३ मध्ये केअर वर्करच्या व्हिसावर बर्मिंगहॅमकडे आली, एजंटला १८ लाख मोजले, वर्षभरात कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स (परदेशी कामगार ठेवायचा परवाना) गेलं, आता पाचेक महिने ती "बिनकागदाची" राहतीये, रोखीत मिळेल ते काम करतीये, महिनाभर खोकला जात नाहीये पण पकडतील म्हणून डॉक्टरकडे जात नाही. आणि तुम्ही विचारताय की तिथल्या मानवतावादी संस्था तिला व्हिसा परत मिळवून देतील का, आणि तिने त्यांच्याकडे तोंड उघडलं तर त्या पोलिसांना कळवतील का. शेवटी हळूच एक तिसरंही विचारलंय, की बेकायदेशीर राहणाऱ्याला असं पाठीशी घालणं बरोबर आहे का. त्याकडे शेवटी येते.

आधी कोण बोलतंय ते सांगते. मी मिरजेची, नर्सिंग तिकडेच केलं, लग्नानंतर लंडनला आले आणि गेली चौदा वर्षं पूर्व लंडनमधल्या एका छोट्या संस्थेत आहे, सुरुवातीला चहा-सँडविच वाटणारी व्हॉलंटियर होते, आता केसवर्कर. दर बुधवारी एका चर्चच्या हॉलमध्ये आमचं ड्रॉप-इन असतं, अपॉइंटमेंट लागत नाही, नंबर घ्यायचा आणि बसायचं. येणाऱ्यांत पंजाबी, गुजराती, तेलुगू, मल्याळी असतात, बांगलादेशी, नायजेरियन असतात, आणि गेल्या तीनेक वर्षांत अधूनमधून मराठीही ऐकू यायला लागलीये, म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. पण मी वकील नाही आणि इमिग्रेशनची सल्लागारही नाही. इथे तो सल्ला द्यायला वकील तरी असावं लागतं किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी तरी लागते (२०२५ च्या जानेवारीपर्यंत लोक हिला ओआयएससी म्हणायचे), आणि नोंदणीशिवाय तसा सल्ला देणं हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, संस्थेने फुकट दिला तरी. त्यामुळे तिने अमुक अर्ज करावा असं मी इथे सांगणार नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जो कोणी छातीठोकपणे सांगत असेल त्याचंही तिने ऐकू नये.

आता मुद्द्याचं. तुमच्या लांबलचक प्रश्नात एक गोष्ट कुठेच नाहीये, ती म्हणजे तिचा व्हिसा संपल्याची तारीख. "लायसन्स गेलं, मग व्हिसा गेला" असं तुम्ही धरून चाललाय. तसं नसतं. कंपनीचं लायसन्स रद्द झाल्यावर होम ऑफिस (व्हिसाचं सगळं बघणारं सरकारी खातं) त्या कामगाराला वेगळं कळवतं, त्यात साधारण ६० दिवसांची मुदत देतात, तेवढ्यात नवीन स्पॉन्सर शोधा, दुसरा काही अर्ज करा नाहीतर देश सोडा. आणि हे पत्र लायसन्स गेल्यावर कधीकधी कित्येक महिन्यांनी येतं, कारण एकाच वेळी हजारो लोकांचं झालंय. सरकारचेच आकडे आहेत, २०२२ च्या जुलैपासून २०२४ च्या डिसेंबरपर्यंत केअर क्षेत्रातली ४७० हून जास्त लायसन्स गेली आणि त्यांच्याशी जोडलेले कामगार होते ३९,००० च्या वर. म्हणजे तुमची बहीण खरंच बिनकागदाची आहे, की तिचं पत्र अजून निघालेलंच नाही आणि व्हिसा जिवंत आहे, की पत्र येऊन पडलंय आणि तिने पाहिलंच नाही, या तिन्हीतलं काहीही असू शकतं. आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे, अगदी सगळं.

पाहिलंच नाही हे कसं होतं सांगते, कारण हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते. पत्र म्हणजे आता ईमेल. आणि व्हिसाचा फॉर्म भरताना एजंटने जो ईमेल टाकलेला असतो तो पुष्कळदा त्याच्याच ऑफिसातून उघडलेला असतो, मुलीचं नाव, पुढे जन्मसाल, पासवर्ड एजंटकडे. मोबाइल नंबरही भारतातला, जो आता बंद. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतेय), सात महिने ती स्वतःला बेकायदेशीर समजून एका दुकानाच्या वरच्या खोलीत चौघींबरोबर राहत होती, दिवसा बाहेर पडायची नाही. आमच्या टेबलावर बसून तिच्या होम ऑफिसकडच्या ऑनलाइन अकाउंटचा ईमेल बदलण्याचा फॉर्म भरला, काही दिवसांनी ई-व्हिसा (व्हिसाची ऑनलाइन नोंद) उघडला तर व्हिसा चालू! पत्र निघालंच नव्हतं. ती रडली नाही काही नाही, नुसती स्क्रीनकडे बघत बसली आणि मग म्हणाली, म्हणजे मी सात महिने उगाच लपले? त्याच महिन्यात दुसरी आली, तिचा ईमेल एजंटच्या भाच्याकडे, त्याने उघडून वाचलेला, साठ दिवस उलटून गेल्यावर "नवीन स्पॉन्सर करून देतो, पाच लाख पाठव" म्हणून फोन केला होता. दोघींची कंपनी एकच होती, बघा.

म्हणून संस्था व्हिसा मिळवून देईल का, याचं सरळ उत्तर नाही असं आहे. व्हिसा फक्त होम ऑफिस देतं, आमच्याकडे कुठला शिक्का नाही की कुठली ओळख नाही. चांगली संस्था काय करते, तर माणूस नेमका कुठे उभा आहे ते त्याच्याबरोबर बसून शोधून काढते आणि आणखी एखादी मोठी चूक व्हायच्या आत त्याला नोंदणी असलेल्या सल्लागारासमोर नेऊन बसवते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ज्यांची केस बिघडली अशी जी माणसं मी बघितली, त्यातल्या बहुतेकांची पहिल्या अडचणीने बिघडली नव्हती, त्यानंतर घाबरून जे केलं त्याने बिघडली. खोटं ऑफर लेटर, दुसऱ्याच्या नावावर काम, कुणीतरी सांगितलं म्हणून बनवून सांगितलेल्या कहाणीवर असायलमचा (आश्रय मागण्याचा) अर्ज. हे एकदा फाइलवर चढलं की उतरत नाही.

आता "संस्था" म्हणजे सगळ्या एकसारख्या असं समजू नका. काही फक्त पोटाचं बघतात. साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला कुणी कुणाचे कागद विचारत नाही, पोटभर जेवा आणि जा, फूड बँकेत मात्र पुष्कळदा कुणीतरी पाठवल्याची चिठ्ठी लागते. काही तब्येतीचं बघतात, त्यात डॉक्टर्स ऑफ द वर्ल्डचं नाव मोठं, त्यांचं काम मुळात ज्यांना जीपीकडे (म्हणजे वस्तीतल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडे) घेत नाहीत त्यांच्यासाठीच आहे. काही कायद्याचं बघतात, जेसीडब्ल्यूआय (जॉइंट कौन्सिल फॉर द वेल्फेअर ऑफ इमिग्रंट्स) १९६७ पासून आहे, लंडनमध्ये प्रॅक्सिस आहे, आणि निरनिराळ्या शहरांत लॉ सेंटर्स आहेत. काहींचं एकच खास काम असतं, कलायान १९८७ पासून घरकाम करणाऱ्यांसाठी, साउथॉल ब्लॅक सिस्टर्स १९७९ पासून घरात मारहाण होणाऱ्या बायकांसाठी, वर्क राइट्स सेंटर पगार बुडवलेल्या कामगारांसाठी (केअर वर्कर्सच्या बाबतीत त्यांचा हात आता चांगला बसलाय), आणि डिटेन्शनमध्ये (इमिग्रेशनच्या कोठडीत) टाकलेल्यांच्या जामिनासाठी बेल फॉर इमिग्रेशन डिटेनीज. तुमच्या बहिणीने चुकीच्या दारात जाऊन "इथे काही होत नाही" म्हणून परत येऊ नये यासाठी हे सांगतेय. फूड बँकेतल्या व्हॉलंटियर आजींना तिने व्हिसाचं विचारलं तर त्या प्रेमाने काहीतरी सांगतील, आणि ते चुकीचं असेल.

कळवतील का? हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि भीती उगाच नाहीये. आमच्यासारख्या स्वतंत्र संस्थेवर, समोरच्याचा व्हिसा नाही हे होम ऑफिसला कळवण्याचं सरसकट बंधन नाही, आणि आम्ही कळवत नाही. अपवाद असतात ते मी प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते: लहान मुलाच्या जिवाला धोका असेल, तुम्ही स्वतःचं किंवा दुसऱ्याचं काही बरंवाईट करणार असाल, तर मला गप्प बसता येणार नाही. बाकी तुमची गोष्ट तुमच्याच फाइलमध्ये.

पण सगळीकडे असंच आहे असं सांगितलं तर मी खोटं बोलेन. २०१७ मध्ये लंडनमधे उघड झालं की रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या काही संस्थांच्या टीम्स होम ऑफिसच्या अधिकाऱ्यांबरोबर फेऱ्या मारत होत्या आणि माहिती देत होत्या. त्या बातमीनंतर आमच्या हॉलमधली गर्दी निम्म्यावर आली होती, आमचा त्यात काडीचा संबंध नसताना. त्याच सुमाराला एनएचएसकडचे (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडचे) पेशंटचे पत्ते होम ऑफिसला देण्याचा एक करारही होता, मायग्रंट्स राइट्स नेटवर्कने तो कोर्टात नेला, डॉक्टर्स ऑफ द वर्ल्डसारख्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा २०१८ मध्ये तो गुंडाळला. म्हणून कुठल्याही संस्थेत गेल्यावर बहिणीने नाव सांगायच्या आधी सरळ विचारावं: माझी माहिती तुम्ही कुणाकुणाला देता, आणि तुमचे पैसे कुठून येतात? चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही. कुणी टाळाटाळ केली तर उठून यावं, चहा पिऊन झाला असला तरी.

पोलिसांचं वेगळं आहे. मारहाण झाली, पैसे लुबाडले म्हणून ती थेट पोलिसांत गेली तर ते तिची माहिती होम ऑफिसला देऊ शकतात, असं घडतं. याविरुद्ध लिबर्टी (मानवी हक्कांसाठी लढणारी संस्था) आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्सने २०१८ मध्ये मोठी तक्रार केली होती, बोलणी चालूच आहेत, पण आजची परिस्थिती ही आहे. म्हणून तसं काही असेल तर आधी संस्था, मग त्यांच्याबरोबर पोलीस. जीव धोक्यात असेल तर अर्थात ९९९ हा इमर्जन्सी नंबर, तिथे विचार करत बसायचं नाही.

आता खोकला. व्हिसाच्या आधी हे. महिनाभराचा खोकला, चौघी-पाचजणी एका खोलीत, रात्रपाळ्या, नीट जेवण नाही, मी नर्स आहे, माझ्या डोक्यात काय येतं ते तुम्हाला कळलं असेल. येताना तिने टीबी नसल्याचं सर्टिफिकेट दिलं असणार, भारतातून इतक्या मुदतीचा व्हिसा त्याशिवाय मिळतच नाही, पण ते तेव्हाचं झालं. इंग्लंडमध्ये टीबीची तपासणी आणि उपचार सगळ्यांना फुकट आहेत, व्हिसा असो नसो. कोणीही जीपीकडे नाव नोंदवू शकतं, त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा पुरावा यातलं काहीही लागत नाही असं एनएचएसचंच लेखी आहे. तरी काउंटरवर अडवतात. मी फोन करते तेव्हाचं संभाषण ठरलेलं आहे, रिसेप्शनवरची मुलगी म्हणते फोटो आयडी लागेल, मी म्हणते बरोबर, आणला असता तर दिला असता, नाहीये, आणि एनएचएस इंग्लंडच्या सूचनेत लिहिलंय की नसला म्हणून नकार देता येत नाही, वाचून दाखवू का? दोन सेकंद शांतता. मग "होल्ड ऑन, मॅनेजरला विचारते." आणि नोंदणी होते. दहापैकी आठ-नऊ वेळा होते. "मला डॉक्टरकडे जाण्याचा हक्क आहे" असं लिहिलेली छोटी कार्डं मिळतात, ती नुसती काउंटरवर ठेवली तरी पुष्कळदा काम होतं.

हॉस्पिटलचं मात्र तसं नाही, आणि इथे मी स्वतः एकदा माती खाल्ली आहे, ती सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एका काकांना, मधुमेह, पायाचं बोट काळं पडलेलं, अकरा वर्षं डॉक्टर बघितलेला नाही, मी म्हटलं होतं, काका काही होत नाही, जा हॉस्पिटलला, इथे सगळं फुकट असतं. इमर्जन्सी विभागातलं फुकट, हे खरंच. पण वॉर्डात ॲडमिट झाल्यावर व्हिसा नसलेल्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, किंवा कुठेतरी वाचलं होतं आणि बोलताना आठवलं नाही, काय फरक पडतो. बोट गेलं, पाय वाचला, आणि घरी साडेसात हजार पाउंडांचं बिल आलं. त्यांनी ते घाबरून ड्रॉवरमध्ये टाकलं, मला दाखवलंच नाही. ५०० पाउंडांच्या वरचं बिल दोन महिने थकलं की होम ऑफिसला कळवलं जातं आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात ते आडवं येऊ शकतं, तसंच झालं, दोन वर्षांनी त्यांचा चांगला भक्कम अर्ज आला त्यात हे निघालं. वेळेवर सांगितलं असतं तर महिन्याला अगदी थोडे पाउंड असा हप्ता बांधून घेता आला असता. तेव्हापासून मी "इथे सगळं फुकट असतं" हे वाक्य कुणालाच बोलत नाही आणि आमच्या नवीन व्हॉलंटियर्सना बोलू देत नाही. तातडीचं आणि बाळंतपणाचं कुणाला नाकारता येत नाही, बिल नंतर येतं. तुमच्या बहिणीसाठी यातलं एवढंच की जीपी फुकट, टीबीची तपासणी फुकट, आणि पुढे हॉस्पिटलने कशासाठी बोलावलं तर जायच्या आधी संस्थेतल्या कुणाला तरी फोन करून बिलाचं विचारून घ्यायचं.

राहायची सोय, पैसे, काम यात आम्ही जवळजवळ हात वर करतो, हे आधीच सांगते म्हणजे आशा लावून बसायला नको. व्हिसा नसलेल्याला सरकारी भत्ता नाही, भाड्याने घर देणाऱ्यालाही दंड, रोखीत कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या फेब्रुवारीपासून पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पाउंडांपर्यंत दंड. यातून होतं काय, तर मालक एकतर ठेवत नाही, किंवा ठेवतो आणि निम्मा पगार देतो कारण त्याला माहिती असतं ही कुठे तक्रार करणार. काही संस्थांकडे थोड्या खोल्या असतात, यजमान कुटुंबात राहायची सोय असते, पण यादी लांब आणि लहान मुलं असलेल्यांना आधी. लेकरं बरोबर असती तर १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टखाली काउन्सिलवर (म्हणजे तिथल्या नगरपालिकेवर) जबाबदारी येते, एकट्या बाईला ते नाही. वकिलाचंही तेच, २०१३ पासून इमिग्रेशनच्या बऱ्याचशा कामांची सरकारी फुकट वकिली बंद झाली, त्यामुळे फुकट सल्ल्याची जागा मिळायला आठवडे जातात. आमच्याकडेच सकाळी दहाला दार उघडतं आणि सव्वादहाला नंबर संपतात. मला हे सांगताना लाज वाटते पण असं आहे.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीये ती मला जास्त महत्त्वाची वाटली. कंपनीने पासपोर्ट स्वतःकडे ठेवला होता, आणि आठवड्याला ३९ तास सांगून कधी ७० तास राबवलं, कधी १० तासच दिले, आणि वर "एजंटचे पैसे फिटेपर्यंत सोडता येणार नाही" असं म्हणाले. दादा, याला नुसती वाईट नोकरी म्हणत नाहीत. कागद काढून घेणं, कर्जाखाली दाबून ठेवणं, व्हिसाची धमकी देणं, हे २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टच्या (आधुनिक गुलामगिरीविरुद्धच्या कायद्याच्या) हद्दीत येऊ शकतं. त्यासाठी एनआरएम (नॅशनल रेफरल मेकॅनिझम) नावाची, असे बळी ओळखून त्यांना आधार देण्याची सरकारी पद्धत आहे, त्यात माणूस स्वतः नाव घालू शकत नाही, ठरावीक संस्थाच घालू शकतात, साल्व्हेशन आर्मी, कलायान, अनसीन वगैरे, आणि माणूस सज्ञान असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. नाव गेलं आणि पहिला निर्णय बाजूने लागला तर राहायची जागा आणि थोडा आधार मिळतो. पण तो निर्णय घेणारे होम ऑफिसचेच लोक, म्हणजे तिथे नाव जाणं म्हणजे त्यांना कळणं. त्यामुळे हे घाईत करायचं नाही, आधी सल्लागार. मी काहींना यातून सुटलेलं बघितलंय आणि काहींना दोन-दोन वर्षं नुसतं ताटकळलेलं. पगार बुडवल्याचा दावा वेगळा, त्याची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी इतकीच असते, ती बहुधा टळली असेल, तरी विचारून घ्यावं. तुम्ही सांगलीत बसून करण्यासारखं काम म्हणजे एजंटला दिलेल्या प्रत्येक रुपयाचा पुरावा गोळा करा, बँकेच्या स्लिपा, जीपे, त्याचे व्हॉइस मेसेज, आणि त्याचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत नोंदणीकृत एजंट म्हणून आहे का ते बघा. बहुतेक नसेल. मग पोलिसांत तक्रार करायला मोकळे. आणि तिचा ईमेल त्याच्याकडे असेल तर तो हातात येईपर्यंत त्याच्याशी भांडू नका!

आता जे कुणालाच ऐकायचं नसतं ते. परत येणं. आमच्या क्षेत्रातले पुष्कळ जण हा शब्द तोंडातूनही काढत नाहीत, त्यांना वाटतं आपण काढला तर आपण होम ऑफिसचे झालो. मला ते पटत नाही. माणसाला सगळे रस्ते माहीत हवेत, त्यात हाही एक. होम ऑफिसची स्वतःहून परत जाणाऱ्यांसाठी योजना आहे, काही जणांना तिकीट आणि काही रक्कमही मिळते, पण कुणाच्या खर्चाने आणि कधी गेलात यावर पुढच्या बंदीचा काळ ठरतो: व्हिसा संपून ३० दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चाने गेलं तर सहसा बंदी नाही, त्यानंतर स्वतःच्या खर्चाने १ वर्ष, सरकारच्या खर्चाने २ किंवा ५, आणि हाकलून दिलं तर १०. तुम्हाला आता कळलं असेल मी सुरुवातीपासून तारीख तारीख का करतेय. पासपोर्ट नसेल तर भारतीय हाय कमिशनकडून एकेरी प्रवासाचं इमर्जन्सी सर्टिफिकेट निघतं. पण यातलं काहीही तिने सल्लागाराला भेटायच्या आधी करू नये, कारण व्हिसा जिवंत निघाला तर गोष्टच बदलते. २०२५ च्या जुलैपासून बाहेरून नवे केअर वर्कर आणणं बंद झालंय पण आधीपासून इथे असलेल्यांना नवीन स्पॉन्सर घ्यायची वाट तूर्त उघडी आहे, आणि लायसन्स गेल्यामुळे अडकलेल्यांना आधी विचारा असं सरकारनेच मालकांना सांगितलंय.

आणि परत येण्याच्या आड सहसा होम ऑफिस येत नाही, घर येतं. रागावू नका. माझ्या टेबलासमोर बसून मुली घरी फोन करतात, स्पीकरवर असतो, आणि पलीकडून आवाज येतो, "थोडी कळ काढ गं, जमीन गहाण आहे." ती कळ काढते. सहा महिने, वर्ष, तीन वर्षं. पुढे आजारी पडते. १८ लाख ती रोखीत तासाला पाच-सहा पाउंडांवर राबून फेडेल हा हिशोब तुम्ही एकदा कागदावर मांडून बघा, खोलीचं भाडं वजा करून. मी मांडलाय बऱ्याच जणींबरोबर, पेन घेऊन. जुळत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पाठीशी घालणं म्हणजे काय धरताय त्यावर आहे. व्हिसा संपल्यावर राहणं इथे गुन्हा आहे, मी ते नाकारत नाही, आणि तिला लपायला जागा शोधून देणं किंवा खोटे कागद करून देणं हे आम्ही करत नाही, कुणी केलं तर त्या संस्थेत मी राहणार नाही. पण टीबीचे उपचार सगळ्यांना द्या, मुलं शाळेत घ्या, बाळंतीण परत पाठवू नका, हे आम्ही ठरवलेलं नाहीये, या देशाच्याच कायद्यात आणि नियमांत आहे. आमचा अर्धा वेळ ते नियम रिसेप्शनवर वाचून दाखवण्यात जातो. १८ लाख घेऊन, खोटी नोकरी दाखवून ज्याने तिला इथे आणून सोडलं तो आज पुण्यात नवीन बॅच भरतोय, तिकडे कुणी पाठीशी घालतंय का असा प्रश्न कुणी विचारत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. असो, ते चिडून लिहिलं, राहू दे.

तेव्हा क्रम असा धरा. खोकल्यासाठी या आठवड्यात जीपी. त्याच आठवड्यात ई-व्हिसाचं अकाउंट. मग नोंदणी असलेला सल्लागार, बर्मिंगहॅममध्ये मायग्रंट्ससाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, लंडनला यायची गरज नाही, सल्लागाराचं नाव इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीच्या वेबसाइटवरच्या यादीत बघून घ्यायचं, वकील असेल तर एसआरएच्या (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या). भेटायला जाताना जे असेल ते सगळं घेऊन जायचं, न उघडलेली पाकिटंसुद्धा. आमच्याकडे एक बाई सुपरमार्केटची पिशवी भरून पाकिटं घेऊन आली होती, वर्षभराची, उघडायची हिंमत नव्हती म्हणून. आम्ही तिघींनी मिळून पाऊण तासात उघडली, त्यात वीजबिलं होती, पिझ्झाच्या जाहिराती होत्या, आणि तळाशी एक पाकीट होतं ज्याची मुदत संपायला चार दिवस होते.

आज रात्री बहिणीला फोन कराल तेव्हा रडारड नको, उपदेशही नको, एवढंच विचारा की व्हिसाच्या अर्जात कुठला ईमेल दिला होता आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे. काय उत्तर येतं ते इथे लिहा (ईमेल लिहू नका, फक्त कुणाकडे आहे ते), बुधवारी ड्रॉप-इन संपल्यावर बघते.